पुन्हा क्विल्टिंगकडे वळतेय: कोल्हापुरात बेताच्या खर्चात कापड कसं जमवायचं?

उभा_धागा

नमस्कार मंडळी. पूर्वी मी हाताने आणि मशीनवर भरपूर क्विल्टिंग केलंय, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, थरांवर थर शिवून पांघरुणं. मग नोकरी, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण यात ते सुटलं. आता वेळ आहे, मशीनही दुरुस्त करून घेतलंय, पण कापडाचं कपाट पार रिकामं आहे. होतं ते सगळं मधल्या वर्षांत वाटून टाकलं.

मला महिन्याला पाचशे ते सातशे रुपये काढता येतील, त्याहून जास्त नाही. परदेशी क्विल्टिंग कॉटनचा विचारच नको. तिकडे ते यार्डाला १२-१३ डॉलरच्या घरात जातं, वर कुरिअर आणि कस्टम. आणि यार्ड म्हणजे ३६ इंच, आपल्या मीटरपेक्षा कमीच. शिवाय इचलकरंजी आपल्यापासून तीसेक किलोमीटरवर असताना सुती कापड परदेशातून आणायचं हे मला पटत नाही.

शिलाई मला येते, त्यामुळे पाव इंचाची शिवण, बाइंडिंग (कडेची पट्टी) वगैरे सांगत बसू नका. मला विचारायचंय ते खरेदीबद्दल. कुठलं कापड आधी घ्यावं? एका रंगाचं किती घ्यावं? कोल्हापुरात कुठे काय चांगलं मिळतं? आणि घरात जे पडलेलं असतं त्यातलं काय खरंच वापरण्याजोगं? सविस्तर लिहा, घाई नाही.

पेठकरीण

ताई, बरं झालं धागा काढलात. माझं उत्तर एका शब्दात, मॅचिंग सेंटर.

महाद्वार रोडला जा नाहीतर राजारामपुरीत, ब्लाउजच्या मॅचिंगची दुकानं पावलोपावली आहेत. क्विल्ट करणाऱ्या बायका छापील कापडाच्या मागे लागतात आणि या दुकानांकडे बघतही नाहीत. एकेका रंगाच्या दहा-बारा छटा तिथे फळीवर ओळीने लावलेल्या असतात. नुसता हिरवा म्हटलं तर पोपटी, शेवाळी, बाटली हिरवा, मेंदी, पिस्ता. एका जागी उभं राहून अख्ख्या क्विल्टची रंगसंगती जुळवता येते, आणि ब्लाउजपीसपुरतं कापड फाडून द्यायची त्यांना रोजचीच सवय असते. बाकीच्या कापड दुकानांत मीटरच्या खाली कोणी कात्री लावत नाही.

फक्त मागताना नीट मागा. "मॅचिंग दाखवा" म्हटलं की काय हाताला लागेल ते दाखवतात. पॉपलीन किंवा केंब्रिक (साधी, घट्ट विणीची कापडं) म्हणा आणि "प्युअर कॉटनच हवं" हे दोनदा म्हणा. टू बाय टू रुबिया हे ब्लाउजचं कापड दिसायला छान, पण हल्ली त्यात मिक्सही असतं. अस्तराचं कापड स्वस्त म्हणून घेऊ नका. ते विरळ विणीचं असतं, पाव इंचाच्या शिवणीत टिकत नाही, कडेने दशा सुटतात.

चौकोनी

पेठकरीण यांच्याशी सहमत. त्यात थोडा हिशेब घालतो. मी बायकोला कापड कापून देतो, त्यामुळे हे गणित पाठ झालंय.

४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड धुतल्यावर साधारण ४ टक्के आटतं असं धरा. आडवं ४२ इंच उरतं, त्यात ५ इंची ८ चौकोन बसतात. आता लांबीकडे बघा. अर्धा मीटर घेतलंत तर धुऊन १९ इंचाच्या आत येतं, ३ ओळी निघतात आणि जवळजवळ ४ इंचांची पट्टी वाया जाते. म्हणजे २४ चौकोन. तेच ६० सेंटिमीटर घेतलंत तर ४ ओळी, ३२ चौकोन. दहा सेंटिमीटरच्या पैशात आठ चौकोन जास्त. ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमध्ये ६ ओळी, म्हणजे ४८ चौकोन, आणि वाया काहीच जात नाही. पूर्ण मीटरमध्ये ७ ओळी, ५६ चौकोन, वर पावणेतीन इंच शिल्लक.

एका माणसाच्या पांघरुणाला १४ गुणिले २० असे २८० चौकोन लागतात. पाव-पाव इंच शिवणीत जाऊन ते ६३ बाय ९० इंच होतं. म्हणजे ८० सेंटिमीटरचे सहा ब्लाउजपीस पुरे, आठ चौकोन उरतात. सहा रंग, पाच मीटरच्याही आत.

पेठकरीण

दादा, हिशेब झकास. पण ८० च्या ऐवजी ८५ मागायचं. कापड ५ टक्के आटलं की सहावी ओळ गेली. आणि फाडताना कडेचे धागे ओढले जातात तेही धरा.

चौकोनी

बरोबर. ८५ च मागा.

यंत्रमाग_इचल

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. घरात दोन पिढ्या मागावर गेल्या. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. तुमच्याकडे शाहू महाराजांनी मिल उभी केली ती १९०६ ची, ती २००३ मध्ये बंद पडली. आमच्याकडे माग अजून खडखडतायत. तेव्हा सुती कापड हे या जिल्ह्याचं घरचं पीक आहे, त्याला तोटा नाही.

क्विल्टसाठी आमच्याकडून न्यायचं म्हणजे तीन गोष्टी. पहिली कोरा मांजरपाट आणि कोरं केंब्रिक. हे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं. रंग मळकट पिवळसर, अंगावर बारीक काळे ठिपके, ते कपाशीच्या सरकीच्या टरफलांचे. मला स्वतःला तो रंग ब्लीच केलेल्या पांढऱ्यापेक्षा फार आवडतो. जुन्या सुती रंगांशेजारी तो शोभतो, शुभ्र पांढरा डोळ्यात घुसतो. मात्र त्यात विणताना उभ्या धाग्याला लावलेली खळ असते. गरम पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा धुतल्याशिवाय कात्री लावू नका. धुतल्यावर हात लावून बघा, कडक पुठ्ठ्यासारखं कापड कसं मऊ पडतं ते कळेल. आणि इतर कापडापेक्षा ते जास्त आटतं, तेव्हा माप सढळ घ्या.

दुसरी गोष्ट फेंट, म्हणजे ताग्याच्या शेवटी उरलेले किंवा डागामुळे बाजूला काढलेले तुकडे. हे किलोवर मिळतात. तिसरी, शर्टिंगचे कटपीस, म्हणजे शर्टाच्या कापडाचे सुटे तुकडे.

सगळ्यांना एकच सांगणं आहे, कापड कापून नव्हे तर फाडून घ्या. पॉपलीन, केंब्रिक आडव्या धाग्याला सरळ फाटतं. दुकानदाराने कात्री चालवली की तिरकं जातं आणि ते सरळ करण्यात तुमचे दोन इंच जातात.

उभा_धागा

यंत्रमाग दादा, फार उपयोगी लिहिलंत. किलोवरचं कापड परवडतं की नाही हे दुकानात उभ्या-उभ्या कसं ओळखायचं? समोर ढीग असतो, भाव किलोचा, आणि आपलं डोकं मीटरमध्ये चालतं.

यंत्रमाग_इचल

सोपं आहे. पॉपलीन-केंब्रिकचं वजन चौरस मीटरला ११० ग्रॅमच्या आसपास धरा. ४४ इंच पन्हा म्हणजे १.१२ मीटर. तर एक मीटर लांबीचं कापड साधारण १२३ ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत आठ मीटर. चादरीचं जाड कापड चौरस मीटरला १५० ग्रॅमपर्यंत जातं, त्याचे किलोत सहाच मीटर. किलोच्या भावाला आठाने किंवा सहाने भागा, मीटरचा भाव आला. त्यात पाव हिस्सा डाग, गाठी, वेडेवाकडे तुकडे म्हणून सोडून द्या. तरीही स्वस्त पडलं तरच घ्या. ढिगात टेरिकॉट (पॉलिएस्टर-सुती मिक्स) मिसळलेलं असतं हेही ध्यानात ठेवा.

नीटनेटकी

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. साठा करूच नये. एक क्विल्ट ठरवावं, त्याचं माप काढावं, तेवढंच कापड आणावं, ते संपवावं, मग पुढचं. माझ्या माहितीतल्या कितीतरी बायकांची कपाटं कापडाने भरलीयत आणि पूर्ण झालेलं पांघरूण एकही नाही. ज्यांचं बजेट पाचशे-सातशे आहे त्यांनी तर पैसे कापडात अडकवून ठेवूच नयेत.

उभा_धागा

नीटनेटकी ताई, राग कसला. तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी त्यावर विचार केलाय. पण चौकटी-चौकटीच्या कामात एका निळ्याच्या जागी सात निळे असले तर क्विल्टला जो जिवंतपणा येतो तो एकच निळा पाच मीटर आणून येत नाही. सात निळे एका दिवसात विकत घ्यायचे तर महिन्याचे पैसे तिथेच संपतील. दर महिन्याला एक-दोन असे जमवले तर जाणवतही नाही. म्हणून मला साठा हवाय, पण आटोपशीर. एका मोठ्या पेटीत मावेल एवढाच, ही माझी मर्यादा. पेटी भरली की खरेदी बंद आणि शिवण सुरू.

नीटनेटकी

पेटीची अट असेल तर माझा विरोध मागे घेते. चांगली कल्पना आहे.

रंगछटा

मग पेटीत आधी काय पडावं यावर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे. आधी फिकट कापड घ्या.

आपल्याकडे छापील सुती म्हटलं की गडद आणि मध्यम रंगच पुढे येतात. अजरख, कलमकारी, बगरू, इंडिगो, सगळं सुंदर, पण सगळं गडद. पेटीत असंच कापड साठलं की कुठलीही नक्षी उठून दिसत नाही. तारा घाला, पानं घाला, लांबून सगळं एकच तपकिरी-लाल दिसतं. नक्षी दिसते ती रंगामुळे कमी आणि फिकट-गडद या फरकामुळे जास्त. ओळखायचं असेल तर दुकानात कापडं शेजारी-शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. लाल आणि हिरवा डोळ्यांना किती वेगळे वाटतात! फोटोत दोन्ही एकाच राखाडीत विरघळून जातात. तेव्हा कळतं की त्या दोघांत भांडण लावायला एक साय रंगाचं कापड हवं होतं.

फिकट कापड कुठे मिळतं? पुरुषांच्या शर्टाच्या कापडात. पांढऱ्यावर बारीक निळी रेघ, फिकट राखाडी चौकडी, बदामी रंगावर ठिपका. कटपीसवाल्याकडे हे मिळतं आणि तिथे बायका फारशा वळत नाहीत. घरातले जुने सुती शर्टही काढा. पाठीचा भाग सलग असतो आणि कॉलर विरली तरी पाठ धडधाकट असते. बाह्या, पुढचे दोन भाग हेही कामाचे. बटणं काढून डबीत, ती वेगळी मिळकत.

उभा_धागा ताई, पाचशेतले तीनशे पहिले काही महिने फक्त फिकट कापडावर घाला. नंतर गडद आपोआप जमेल, ते जमवायला कष्ट पडत नाहीत.

पंचगंगाकाठ

ओटीच्या ब्लाउजपीसांचं काय? प्रत्येक घरात गठ्ठा असतोच. हळदीकुंकू, डोहाळजेवण, लग्न, कुठेही जा, खणानारळाने ओटी भरतात. आईच्या कपाटातून मी इतके काढलेत की मोजले नाहीत.

पेठकरीण

वापरा की, पण आधी तपासून. त्यातले बरेचसे पॉलिएस्टर असतात, पुढच्या हळदीकुंकवाला फिरत राहावेत म्हणूनच जन्मलेले. सुती कोणते हे हाताला कळत नसेल तर जाळून बघा. कडेचे चार धागे ओढायचे, पीळ द्यायचा, चिमट्यात धरून पणतीच्या ज्योतीला लावायचे, खाली पाण्याची वाटी ठेवायची. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो, राख मऊ, करडी, बोटाने चुरली की उडून जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झालं की टोकाला काळा कडक मणी राहतो. मिक्स असेल तर थोडी राख, थोडा मणी. पाहुण्यांसमोर करू नका एवढंच.

पंचगंगाकाठ

आजच केलं. गठ्ठ्यातले निम्म्याहून जास्त मणीवाले निघाले. पण जे सुती निघाले त्यात दोन जुने अस्सल सुती खण आहेत, एक अंजिरी आणि एक डाळिंबी. खण क्विल्टमध्ये चालतो का?

पेठकरीण

चालतो, शोभतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण असेल तर त्याच्या बारीक बुट्ट्या चार इंचाच्या चौकोनात अगदी नेमक्या बसतात. पण पन्हा कमी असतो आणि कापला की दशा भराभर सुटतात. कापण्याआधी उलट बाजूने पातळ फ्युजिंग (चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्या. आणि रोज धुवायच्या पांघरुणात नको, भिंतीवर लावायच्या कामात किंवा उशीच्या अभ्र्यावर घाला.

राधानगरी_रोड

ताई, आमच्यात हे क्विल्ट म्हंजे वाकळच की. आमच्या आईनं उभ्या जन्मात वाकळंसाठी कापड इकत आणलं न्हाई. सुती लुगडी, पातळं, धोतरं, जुनी चादर. आत दोन-तीन थर लुगड्याचे, वर ठिगळं, आन् बाहेरच्या कडंनं धावदोरा सुरू करून फिरत फिरत मधी यायचं. अशी वाकळ धुऊन धुऊन लई मऊ पडती. थंडीत दोन अंगावर घेतल्या की बास.

आता सुती लुगडी ऱ्हायली न्हाईत घरात ही खरी अडचण हाय. पण म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या उघडून बघा, एखादं सापडतंय. इचारून घ्या मात्र. कुणाच्या आठवणी असत्यात त्यात.

उभा_धागा

राधानगरी दादा, तुमच्या पोस्टसाठी मनापासून आभार. खरं सांगायचं तर माझा हात याच वाकळीवर बसला, पुस्तकं आणि मापं नंतर आली. सीमेपलीकडे हिला कौदी म्हणतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या कवंदीतही काम असंच कडेकडून मध्यावर येतं, चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात.

जुन्या साडीबद्दल माझा अनुभव असा की ती आधी उजेडासमोर धरायची. घडीच्या रेषांवर कापड चाळणीसारखं विरलेलं दिसतं, तेवढा भाग सोडायचा. मग दोन्ही अंगठ्यांत धरून आडवं ताणायचं. चर्र आवाज आला तर ते वरच्या थरासाठी नाही, आतल्या थरासाठी ठेवायचं. पदर आणि निऱ्यांचा आतला भाग सहसा चांगला असतो, मांडीवरचा भाग सगळ्यात आधी जातो. पाच-साडेपाच मीटरच्या साडीतून दीड-दोन मीटर धड निघालं तरी खूप.

नवी_सुई

रंग जाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझी काकू म्हणते नवं कापड मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो. काही जण तुरटी सांगतात, काही व्हिनेगर. काय खरं?

यंत्रमाग_इचल

मीठ रंगाईच्या वेळी लागतं, रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. एकदा कापड रंगून, सुकून, दुकानात आल्यावर मिठाने काही पक्कं होत नाही. तुरटीचंही तसंच. अजरखमध्ये लाल रंगासाठी तुरटी आधी लावतात, नंतर नाही. व्हिनेगर सुती कापडाला निरुपयोगी. काकूंना सांगू नका, पण काम करतं ते पाणी. जो रंग धाग्याला चिकटलेलाच नाही तो धुऊन काढून टाकणं हाच उपाय. गरम पाणी, साबण, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. सुकवलेल्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा, डाग उठला तर अजून धुवा. इंडिगो मात्र घासल्यावर थोडा उठणारच, तो धाग्याच्या वरच्या वर बसतो. म्हणून इंडिगोशेजारी शुभ्र पांढरं लावू नका.

रंगछटा

यात भर घालते. गडद लाल, गडद निळा आणि काळा दोन-तीनदा धुऊनही पाणी रंगीतच येत असेल तर ते कापड पेटीत नकोच. त्याची पिशवी शिवा. एका कापडापायी शेजारच्या सत्तावीस चौकोनांची वाट लागू देऊ नये.

गाडीवाला

गांधीनगर कोणी सांगितलंच नाही? कापडाची घाऊक बाजारपेठ शहराला लागून आहे. फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथे वसली, त्याआधी तिथेच वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी होती. कापडाचा व्यापार त्या मंडळींनी उभा केला, आज आजूबाजूच्या जिल्ह्यांतले दुकानदार तिथून माल भरतात.

घाऊक म्हणजे ताग्याने किंवा बंडलने विकणारे बरेच, पण किरकोळ देणारेही आहेत. एकटीने जाऊन उपयोग नाही. तीन-चार जणींनी मिळून जा आणि फिकट केंब्रिकचा, मांजरपाटाचा पूर्ण तागा घेऊन घरी येऊन वाटा. पार्श्वभूमीचं कापड सगळ्यांना सारखंच लागतं, ते ताग्याने घेतलं तर भावात खरा फरक पडतो. रंगीत कापडाचा तागा घेऊ नका, चौघींच्या चार सारख्याच रंगाच्या गोधड्या होतील. आणि दिवाळी, लग्नसराईच्या आधी जाऊ नका. दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. गर्दी ओसरल्यावर जा, तेव्हा तो उरलेले तुकडेही स्वतःहून काढून दाखवतो.

पंचगंगाकाठ

अशा वाटणीत मी आहे. उभा_धागा ताई, तुम्ही, मी, पेठकरीण, रंगछटा?

रंगछटा

मी आहे. तागा ठरवताना मात्र नमुना आधी धुऊन बघू. अर्धा मीटर आणायचं, धुवायचं, मापायचं, मगच तागा.

शाहूपुरीकर

साठवणीबद्दल कळकळीने लिहितो. आमचं घर तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं आणि बायकोने वर्षानुवर्षं जमवलेलं कापड पलंगाखालच्या पेट्यांत भिजलं. पाणी उतरलं तोवर चिखल, कुबट वास, रंग एकमेकांत. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा सगळं आधीच माळ्यावर होतं. नदीच्या बाजूला राहणाऱ्यांनी कापड जमिनीपासून उंच ठेवा, एवढीच विनंती.

पूर नसला तरी आपला पावसाळा चार महिन्यांचा, हवेत ओल. प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात किंचित ओलसर कापड राहिलं तर बुरशी येते. पावसाळ्यात धुतलेलं कापड इस्त्रीने पूर्ण कोरडं करूनच ठेवा.

पेठकरीण

आणि खळ, स्टार्च लावून ठेवू नका. कसर स्टार्चवर येते. स्टार्च कापायच्या दिवशी लावायचा, पांघरूण झाल्यावर धुऊन टाकायचा. डांबर गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला चिकटून नको, पुरचुंडीत. मी वेखंडाचे तुकडे ठेवते, त्याचा वास मला चालतो.

उभा_धागा

मंडळी, तुमच्या सांगण्यावरून सुरुवात केली, त्याचं सांगते.

पहिल्या महिन्याचे पैसे रंगछटांच्या म्हणण्याप्रमाणे फिकटावर घातले. कटपीसवाल्याकडे शर्टाचं सुती कापड सापडलं, पांढऱ्यावर केसाएवढी राखाडी रेघ, आणि दुसरं साय रंगावर विटकरी ठिपका. दुसरं तर इतकं गोड आहे की हातात घेऊन बसावंसं वाटतं. ठिपका दोन मिलिमीटरचासुद्धा नसेल, लांबून तो दिसत नाही, नुसती एक ऊब जाणवते. मॅचिंग सेंटरमधून पॉपलीनचे ८५ सेंटिमीटरचे तुकडे घेतले, मोरपंखी, हळदी आणि वांगी. दुकानातल्या काकांनी विचारलं, एवढे वेगवेगळे ब्लाउज एकदम? मी सांगितलं पांघरूण करणार आहे. तर त्यांनी आतून तागा संपताना उरलेले पट्टे काढून दिले, चार-चार इंच रुंदीचे, अगदी नाममात्र पैशात. हे सगळ्यांना सांगायचं होतं, काय करणार आहोत ते दुकानात मोकळेपणाने सांगा. शिंप्याकडेही मी तसंच सांगितलं. तो आता सुती कातरण वेगळ्या पिशवीत टाकतो. त्यातले तुकडे बहुतेक तिरकस आणि लहान असतात, पण दोन इंचाच्या चौकोनाला पुरतात.

सगळं कापड घरी आल्या-आल्या धुतलं. कडेच्या दशांचा पाण्यात गुंता होऊ नये म्हणून चारी कोपरे तिरके छाटून घेतले. वांगी रंगाने तीन पाणी घेतली, मग थांबला.

आता प्रश्न खालच्या बाजूचा आणि आतल्या थराचा. ६३ बाय ९० ला ४४ पन्ह्याचं कापड दोन लांबीत जोडायचं तर पाच मीटर लागतंय.

चौकोनी

पाच मीटर विकत घेऊ नका. साधी सुती डबलची चादर घ्या, ९० बाय १०० इंचाची. जोड नाही, आणि कडेने उरलेल्यात बाइंडिंगच्या पट्ट्या निघतात.

राधानगरी_रोड

हातानं शिवणार असाल तर चादर लई गच्च इणीची घिऊ नका. सुई जात न्हाई, बोटं सोलून निघत्यात. हातानं शिवायला जुनी मऊ चादरच बरी.

उभा_धागा

हातानेच शिवणार आहे. मग घरातली एक जुनी चादर काढते, पोत बघून. आतल्या थराला?

पेठकरीण

कोल्हापूरच्या थंडीला जुन्या सुती साडीचे दोन थर पुष्कळ. पिंजलेला कापूस घातलात तर टाक्यांच्या ओळी दोन-अडीच इंचांच्या आत घालाव्या लागतील, नाहीतर धुतल्यावर गोळे होतात. फायबर शीट सोफ्याचं सामान विकतात तिथे मीटरवर मिळते, हलकी असते, पण उन्हाळ्यात अंगाला गरम लागते. तुम्ही वाकळीच्या वळणाने शिवणार असाल तर साडीच घाला.

पंचगंगाकाठ

ताई, आईकडे एक जुनं सुती पातळ आहे, जागोजागी विरलंय, वरच्या थराला नाही चालणार. तिला विचारलंय, ती द्यायला तयार आहे. तागा वाटायला भेटू तेव्हा घेऊन येते. त्या बदल्यात मला त्या विटकरी ठिपक्यातलं थोडं द्याल का? दोन ओळींपुरतं.

उभा_धागा

दोन कशाला, तीन ओळी देते. तागा ठरला की इथेच लिहा. पन्हा ४४ च बघा, ३६ चा असेल तर चौकोनींचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल.

चौकोनी

३६ चं मांडून ठेवलंय. धुतल्यावर साडेचौतीस इंच, आडवे सहाच चौकोन. ८५ सेंटिमीटरमध्ये ३६ निघतात, म्हणजे २८० ला आठ तुकडे लागतील.